सरकलेली मिशी

भाचीच्या लग्नात मामाने असा आहेर द्यायचा, की पाहुण्यांनी जेवण विसरून बघत बसावं, असं तीर्थपुरीच्या अंगदने ठरवून टाकलं होतं. आता लग्नात जेवण विसरणारा पाहुणा आपल्या जालना जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. पण अंगदला हे सांगणार कोण? तो ठरवून मोकळा झाला होता!

नुसतं मनात ठरवलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने साखरपुड्यात, दोन्हीकडची माणसं जमलेली असताना, हातात पोह्यांची बशी घेऊन जाहीर केलं.

"दाजी, तुम्ही फ्रीज द्या, कपाट द्या, काय द्यायचं ते द्या. मी नवरा-नवरीचा फोटो सागवानावर कोरून देणार. लेझरनं! मशीन माझं सोताचं, घरी बनवलेलं. केसाएवढा फरक आला तर अंगद नाव लावणार न्हाई!"

दाजी म्हणजे राधेश्याम, अंगदच्या बहिणीचे यजमान. अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर. मेव्हण्याच्या हुशारीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. फक्त ती हुशारी चालू असताना जवळ उभं राहायला ते घाबरायचे.

"अंगदराव," ते म्हणाले, "मागं तुम्ही कडबा कापायचं मशीन केल्तं. त्यानं कडबा सोडून गोठ्याचं दार कापल्तं. तवा बाकीचा आहेर आम्ही घेऊनच ठेवतो."

मांडवभर हशा पिकला. नवरी मुलगी आकांक्षा तेवढी हसली नाही. "माझा मामा करीन बराबर," ती ठामपणे म्हणाली.

झालं! अंगद पुरता अडकला. आकांक्षा शाळेला तीर्थपुरीत मामाकडेच होती. सायकल त्यानेच शिकवली, गुडघे फुटले तेव्हा हळदही त्यानेच लावली. पोटच्या लेकीएवढा त्याचा तिच्यावर जीव. आहेर बिघडला तर दाजी जन्मभर हसतील, ते तो सोसायला तयार होता. पण चारचौघांत तिला मान खाली घालावी लागली असती, ते त्याला सोसणार नव्हतं.

अंगदचं दुकान मोटारी भरायचं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचं. आसपासच्या विहिरींवर जळालेली मोटार त्याच्याकडे यायची आणि बहुतेक वेळा चालू होऊन जायची. लेझर मशीनही त्याने असंच जमवलं होतं. सांगाडा जुन्या कूलरच्या स्टँडचा, धूर ओढायला त्याच कूलरचा पंखा, दांडे आणि छोट्या मोटारी जालन्याच्या भंगारातल्या झेरॉक्स मशीनच्या. लेझरचं मुंडकं तेवढं ऑनलाइन मागवलेलं. हे मुंडकं दातेरी पट्ट्यावर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावायचं आणि रेघेखाली रेघ जाळत लाकडावर फोटो उमटवायचं. वरून केशरी झाकण. पंखा असा घरघरायचा, की शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहायच्या! पण अंगद त्या यंत्राकडे नव्या वासराकडे बघावं तसा बघायचा.

त्याची बायको दैवशाला हिचंही मशीनवर प्रेम होतं, पण तिची रीत वेगळी. दसऱ्याला तिने मशीनला झेंडूची माळ घातली आणि लेझरने ती माळ पेटली. तेव्हापासून "मशीनला काय बी बांधायचं न्हाई!" असा अंगदचा हुकूम होता. दैवशालाने हुकूम ऐकून घेतला होता. मान हलवली होती की नाही, हे मात्र कुणी पाहिलेलं नाही.

आधी फोटो पाटावर कोरायचा बेत होता. तो दैवशालाने मोडला.

"पाटावर नवरा-नवरी उभे राह्यतेत ना?"

"हां, मंग?"

"सोताच्याच तोंडावर पाय देऊन?"

अंगद उठला आणि सुताराकडून सागवानाच्या फळ्या घेऊन आला. भिंतीला टांगता येतील अशा.

आधी प्लायवूडच्या तुकड्यांवर हात साफ केला. मोर कोरला, नारळ कोरला, ट्रॅक्टर कोरला. सगळं कसं रेघेला रेघ! ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून धूर निघेल की काय असं वाटावं. मग शुभ दिवस बघून खरी फळी मशीनमध्ये ठेवली. जड फळी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना मधोमध एकेक खिळा ठोकला. एरवी व्होल्टेजवर श्रद्धा असलेला हा माणूस हातपाय धुऊन देवापुढे डोकं टेकवून आला आणि मगच त्याने बटण दाबलं.

केस उतरले. कपाळं उतरली. डोळे तर असे उतरले, की आकांक्षा आता "मामा" म्हणून हाक मारील! अंगद खूश होऊन चहा प्यायला बाहेर गेला. परत येऊन झाकण उघडतो तर काय, आदिनाथची मिशी त्याच्या कानाखाली गेली होती!

आदिनाथ म्हणजे होणारा जावई, हसनाबादचा. भरघोस मिशी हीच त्याची गावभर ओळख. नाकापर्यंत त्याचा चेहरा जागच्या जागी होता, आणि नाकाखालचं सगळं, मिशीपासून हनुवटीपर्यंत, उजवीकडे निघून गेलं होतं. जणू वरच्या मजल्याने आणि खालच्या मजल्याने वाटण्या करून घेतल्या होत्या.

अंगदने मशीन पालथं घातलं. पट्टा ताणला. मोटारींचे स्क्रू आवळले. दांडे पुसून तेल दिलं. लॅपटॉपमधली सगळी सेटिंग बघितली. मग तुकड्यावर मोर कोरला. मोर बरोबर!

"व्होल्टेज!" त्याने निदान केलं. मशीन इन्व्हर्टरवर घेतलं. पुन्हा ट्रॅक्टर कोरला. ट्रॅक्टर बरोबर! आता त्याला गिरणीचा संशय आला. शेजारीच पिठाची गिरणी होती. तिच्याने जमीन हादरते, जमिनीने मशीन हादरतं, मशीनने मिशी हादरते! अंगदने गिरणीवाल्याच्या हातापाया पडून तासाभरासाठी गिरणी बंद ठेवली. दुसरी फळी लावली, खिळे ठोकले, हातपाय धुतले, देवापुढे जाऊन आला आणि बटण दाबलं. तेवढ्यात दळणाचे डबे घेऊन बाया त्याच्या दारात.

"अंगद, गिरणी कामून बंद केली रे?"

"काकू, घंटाभर थांबा. गिरणीनं मिशी सरकून राह्यली."

"कुणाची मिशी?"

"जावयाची."

"मंग जावयालाच सांग दळून द्यायला!"

बायांची समजूत काढून अंगद आत आला आणि त्याने झाकण उघडलं. या खेपेला मिशी कानाजवळ थांबली नव्हती. ती थेट शेजारच्या फोटोत गेली होती! आकांक्षाचे सुंदर डोळे, चाफेकळी नाक आणि त्याखाली आदिनाथची भरघोस, टोकदार, झुपकेदार मिशी. आदिनाथच्या नाकाखाली तर काहीच नव्हतं, कोरं लाकूड!

आता अंगदने हार मानली आणि जाणकारांना विचारायचं ठरवलं. लेझरवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्याने फळीचा फोटो काढला, खाली लिहिलं, "असं कशामुळे होतं? जाणकारांनी जल्दी सांगावं. लग्न जवळ आलंय," आणि घाईत पाठवून दिला. तो गेला "आकांक्षा-आदिनाथ शुभविवाह" या ग्रुपवर. त्या ग्रुपवर दोन्हीकडचं झाडून सगळं गणगोत होतं.

जाणकार तर तिथेही होते!

"बेसन, हळद अन् साय. रोज चोळायचं. माझ्या नणंदेची गेल्ती," नवऱ्याकडच्या एका मावशीने लिहिलं.

"थायरॉईड तपासून घ्या," कुणीतरी सुचवलं.

"वहिनीपुढं दादा फिका पडून राह्यला," आदिनाथच्या मित्राने लिहिलं.

एकाने काहीच न बघता गुलाबाचं फूल आणि "शुभ दुपार" टाकलं.

अंगदला चूक कळली. त्याने झटक्यात मेसेज पुसला, दोनदा तपासला आणि सुटलो म्हणून श्वास सोडला. एवढ्यात दाजींचा फोन.

"अंगदराव, ग्रुप बघितला का?"

"बघितला दाजी. चुकून गेल्तं. डिलीट केलं की."

"तुमच्या एकट्याच्या फोनातून गेलं! आमच्या सगळ्यांच्या फोनात पोरगी मिशी लावून बसलीय!"

अंगदने कपाळावर हात मारून घेतला.

"अन् आता ऐका," दाजींचा आवाज खाली आला. त्यात हसू नव्हतं. "आदिनाथच्या आजी हायेत ना, पुष्पाबाई, त्यांनी बी बघितलं. त्या म्हणतात, एक तर पोरीला मिशी हाय, न्हाई तर मशीनमधी खोट हाय, न्हाई तर हा अपशकुन हाय. पोरगी अन् मशीन एका जागी आणा, मी माझ्या डोळ्यानं बघते. अपशकुन निघाला तर लग्न पुढं ढकलायचं. त्यांच्या घरात त्यांच्या शब्दापुढं कुणी जात न्हाई. उद्या तुमच्याकडं येऊन राह्यलेत. आम्ही बी येतो."

मग आकांक्षा फोनवर आली. आधी ती खूप हसली, आणि मग तिचा आवाज हळू झाला. "मामा, होईन ना रे बराबर?" तिने विचारलं. दाजींचं हसणं, स्वतःचं नाव, साखरपुड्यातली फुशारकी, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. पोरीचं लग्न आपल्या हौसेपायी अडलं, एवढंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसनाबादची जीप अंगणात येऊन थांबली. पुष्पाबाई उतरल्या त्या पाणीसुद्धा न घेता थेट आकांक्षाकडे गेल्या. तिची हनुवटी धरून तिला उन्हात उभं केलं, चष्मा वर-खाली केला.

"वरचा ओठ ताण."

आकांक्षाने ताणला. आजींनी बोट ओलं करून ओठावर घासलं. पावडर लावून झाकलंय का, हे बघायला! मागे आदिनाथ लाजून लाजून स्वतःच्या मिशीआड लपायला बघत होता.

"साफ हाय," आजींनी निकाल दिला. "काकडीवाणी. मंग मशीनमधी खोट हाय का अपशकुन, तेवढं राह्यलं. चालव बाबा."

अंगदने शेवटची फळी लावली. खिळे ठोकले. देवापुढे आज इतका वेळ डोकं टेकवलं, की दाजी बाहेरून "उठा आता!" म्हणून ओरडले. बटण दाबलं. पंखा घरघरला, म्हशी उठल्या, आणि सगळे केशरी झाकणाभोवती गोळा झाले.

"केस आले," आजी म्हणाल्या.

"कपाळ बी आलं," दाजी म्हणाले.

"डोळे बराबर. नाक बराबर..."

एरवी मशीन चालू झालं, की दैवशाला देवापुढे दिवा लावून आत बसायची. आज पाहुणे होते म्हणून ती चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने झाकणातून वाकून पाहिलं आणि किंचाळली.

"अगं बाई! बिब्बा अडकला!"

अंगदने झटक्यात मशीन बंद केलं. पंखा थांबला. इतकी शांतता झाली, की म्हशींचं रवंथ ऐकू यायला लागलं.

"कसला बिब्बा?" अंगदने विचारलं.

"काय न्हाई. च्या घ्या."

"दैवशाला!"

"अहो, तुम्ही म्हणले मशीनला काय बांधायचं न्हाई. म्हणून मी मशीनला न्हाईच बांधला. मुंडक्याला बांधला. खालून. दिसू नाही म्हणून." तिचा आवाज रडवेला झाला. "एवढं मोठं काम, सगळ्या गावाची नजर! तुम्ही देवापुढं गेले, की मी बांधायचे. काम झालं, की सोडून, मशीनवरून उतरवून, तीन रस्ते मिळतेत तिथं टाकून यायचे. मोराला अन् ट्रॅक्टरला कुणाची नजर लागणार? त्याला न्हाई बांधला."

अंगदने झाकण उचललं. मुंडक्याखाली करदोड्याचा जाड काळा दोरा, आणि त्याला लोंबणारे दोन बिब्बे!

"दोन?"

"आज पाव्हणे जास्ती होते."

अंगदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुंडकं रेघ ओढत ओढत खाली यायचं. ते डाव्या खिळ्याच्या रेषेत आलं, म्हणजे नेमकं फोटोतल्या नाकाखाली, की लोंबणारा बिब्बा खिळ्यात अडकायचा. दोरा तुटायचा नाही. मोटार जोर लावायची, पट्टा दात सोडायचा, हिसका बसून बिब्बा सुटायचा, आणि त्यापुढचं सगळं उजवीकडे सरकायचं. परत आलं की परत अडकायचं, परत सरकायचं. आणि अंगद मशीन तपासायला येईपर्यंत गुन्हेगार गावाबाहेर पोचलेला असायचा!

पट्टा, व्होल्टेज, गिरणी, बायांचे टोमणे, पोरीची उलटतपासणी! अंगद बायकोवर ओरडायला तोंड उघडणार, तोच पुष्पाबाईंनी हात वर केला.

"खबरदार तिला बोलला तर! बिब्बा बांधला ते बिलकुल बराबर केलं. एवढं मोठं यंत्र अन् दृष्टीचं काय बी न्हाई?" मग त्या दैवशालाकडे वळल्या. "पर पोरी, पळत्या बैलाच्या पायात बांधतेत का कुणी? जागेवर उभा दांडा हाय ना, त्याला बांध."

दैवशालाने दोन्ही बिब्बे कूलरच्या स्टँडच्या पायाला बांधले. गाठ पक्की बसली का, ते अंगदने स्वतः ओढून बघितलं. मशीन वेळेत थांबल्यामुळे मिशीची एकही रेघ अजून पडली नव्हती. त्याने मुंडकं कोपऱ्यातल्या खटक्याला टेकवून शून्यावर, म्हणजे मूळ जागेवर आणलं, जिथे थांबलं होतं तिथून पुढची रेघ दिली आणि बटण दाबलं.

मुंडकं खिळ्यापाशी आलं. गेलं! परत आलं. गेलं! रेघेखाली रेघ पडत गेली आणि आदिनाथच्या नाकाखाली, अगदी त्याच्याच नाकाखाली, मिशी उगवायला लागली.

"मिशी आली!" दाजी ओरडले. फिटर माणूस, त्यांनी मेव्हण्याला असं आवळलं, की पाना फिका पडावा. आकांक्षाच्या हसऱ्या ओठांची शेवटची रेघ उतरली, तेव्हा ती डोळे पुसत होती. "म्हणलं न्हवतं, माझा मामा करीन म्हणून?" ती म्हणाली. अंगदला इतका आनंद झाला, की त्याने दैवशालाला सगळ्यांदेखत "हुशार हाय माझी बायको" म्हणून टाकलं, आणि ती इतकी गोंधळली, की चहा तिनेच पिऊन टाकला. पुष्पाबाईंनी शकुन चांगला असल्याचं जाहीर करून मग कुठे पाणी घेतलं.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. त्या दिवशी अंगदचं सगळं ध्यान नव्या कापडात गुंडाळलेल्या फळीवर होतं. मंगलाष्टकांनाही तो भाचीमागे उभा होता, पण नजर कोपऱ्यातल्या फळीवर, कुणी पाय देईल म्हणून! आहेराची वेळ आली तेव्हा त्याने बँड थांबवायला लावला, स्टेजवर चढला, माइक हातात घेतला आणि कापड बाजूला केलं.

"वाऽऽ!" मांडव म्हणाला.

मग मांडवाने एकदा फळीकडे पाहिलं. एकदा स्टेजकडे पाहिलं. परत फळीकडे पाहिलं. कुजबुज सुरू झाली. अंगदला काही कळेना. पुढच्या खुर्चीवरून पुष्पाबाईंनी चष्मा नीट केला आणि मोठ्याने विचारलं, "का रे अंगद, पोरीशेजारी हा मिशीवाला कोण बसवला?"

अंगदने गर्रकन मान वळवली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने फेटा आणि मुंडावळ्यांच्या खाली, नवरदेवाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नाकाखाली काहीच नव्हतं! गुळगुळीत, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखं!

"मामा," आदिनाथ ओशाळून म्हणाला, "ती तुमची बिघडलेली फळी होती ना, त्यात माझ्या नाकाखाली कोरं होतं. हिनं ती बघितली अन् म्हणली, तुम्ही असेच चांगले दिसता. मंग काल रात्री मिशीच काढून टाकली."

आकांक्षा पदरात तोंड लपवून हसत होती. दाजी स्टेजवर आले आणि त्यांनी अंगदच्या खांद्यावर हात ठेवला.

"अंगदराव, तुमची मिशी आता बराबर जागेवर बसली. जावयानं जागाच रिकामी केली, त्याला तुम्ही काय करणार?"

मांडव इतका हसला, की बँडवाल्यांना वाटलं आपल्यालाच इशारा आहे, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अंगद फळी काखेत मारून हळूच खाली उतरला आणि दैवशालाजवळ जाऊन बसला.

"काय गं," त्याने तिच्या कानात विचारलं, "पॉलिश पेपरनं मिशी निघंन का?"

"निघंन की," दैवशाला म्हणाली. "पर पेपर मी घासते. तुम्ही घासला तर नाक जाईन."